गिअरबॉक्सवरचा आळ

सपाट रस्त्यावर गाडी ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरने चालली आहे. चढ नाही, ओझे नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय स्थिर आहे. तरीही इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा एकाएकी दोनशे-तीनशेने वर चढतो, दोन-तीन सेकंदांत खाली येतो आणि पुन्हा चढतो. प्रत्येक वेळी गाडीला बारीकसा हिसका बसतो. चालवणाऱ्याला वाटते, गिअर सुटतोय आणि पुन्हा पडतोय. अशी गाडी गॅरेजात नेली की बहुतेक वेळा निकाल ठरलेला असतो: गिअरबॉक्स खोलावा लागेल.

अमेरिकेतल्या डॉज रॅम पिकअप ट्रकांच्या जुन्या कमिन्स डिझेल गाड्यांमध्ये हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. तिथले मुरलेले मिस्त्री अशा वेळी गाडीखाली शिरण्याआधी बॉनेट उघडतात आणि अल्टरनेटर तपासतात. कारण पुष्कळदा दोष गिअरबॉक्समध्ये नसतोच. तो इंजिनाच्या पुढच्या अंगाला, पट्ट्यावर फिरणाऱ्या अल्टरनेटरमधल्या एका लहानशा डायोडमध्ये असतो. या दोन भागांना जोडणारा ना दांडा आहे, ना साखळी, ना तेलाची नळी. त्यांच्यामध्ये आहे फक्त गाडीचा कॉम्प्युटर आणि त्याला मिळणारी वीज.

या एकाच बिघाडाकडे इथे तपशिलात पाहायचे आहे. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरही आता कॉम्प्युटरच्या हुकमावर गिअर बदलणाऱ्या जड गाड्या वाढू लागल्या आहेत. त्यांच्या बिघाडाकडे पाहण्याची आपली नजर मात्र अजून लोखंड आणि तेलापाशीच थांबते. त्यातून होणारे नुकसान केवळ पैशांचे असते, तर त्यावर एवढे लिहिण्याची गरज नव्हती.

डॉज रॅममधले ते इंजिन मराठी वाचकाला अगदीच परके नाही. ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे कमिन्सचे ‘बी’ मालिकेतले हे इंजिन अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या पिकअपमध्ये बसू लागले. त्याच मालिकेतली इंजिने पुढे टाटा कमिन्सच्या जमशेदपूरच्या कारखान्यात तयार होऊन टाटांच्या ट्रकांत आली. कमिन्सचे नाव पुण्यात तर किर्लोस्करांच्या भागीदारीमुळे १९६२ पासून आहे. फरक मागच्या जोडणीत होता. आपल्याकडे या इंजिनामागे हाताने टाकायचा गिअरबॉक्स असे. अमेरिकेत अनेक गाड्यांत स्वयंचलित. १९९६ पासून या रॅममध्ये ‘४७आरई’ नावाचा चार गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स आला. त्याचे कूळ १९६२ च्या ‘टॉर्कफ्लाइट ७२७’ या तीन गिअरांच्या जुन्या, दणकट गिअरबॉक्सचे. मागे ओव्हरड्राइव्हचा चौथा गिअर जोडलेला, आणि काही निर्णय कॉम्प्युटरकडे सोपवलेले.

‘काही निर्णय’ हे नीट लक्षात ठेवायला हवे. हा गिअरबॉक्स धड पूर्ण जुना नाही आणि पूर्ण नवाही नाही. आतले क्लच दाबण्याचे काम तेलाचा दाब करतो. ड्रायव्हरने पाय किती दाबला आहे, हे तेलाच्या झडपांना सांगायला थ्रॉटलपासून निघालेली एक साधी केबल आहे. ती केबल ढिली असली तर गिअर लवकर आणि मऊ पडतात. गाडी चालवायला छान वाटते, पण दाब अपुरा असल्याने क्लचच्या प्लेटा घसरत जळत राहतात. केबल जास्त ताणलेली असली तर गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात. इथपर्यंतचा कारभार कुठल्याही जुन्या मिस्त्रीच्या हाताला समजेल असा आहे. कॉम्प्युटरकडे तीन गोष्टी आहेत: वेगानुसार तेलाचा दाब कमी-जास्त करणे, ओव्हरड्राइव्ह लावणे-काढणे, आणि टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप.

हा लॉकअप समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांच्यात पायाने दाबायचा क्लच नसतो. तिथे तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडचे पंखे तेल फिरवतात आणि ते तेल गिअरकडचे पंखे फिरवते. या व्यवहारात थोडी घसर कायम असते आणि त्या घसरीची उष्णता तेलात साठते. म्हणून एका ठरावीक वेगानंतर कन्व्हर्टरच्या आतला एक क्लच दोन्ही बाजूंना घट्ट जोडून टाकतो. घसर संपते, फेरे कमी होतात, तेल थंड राहते, डिझेल वाचते. ड्रायव्हरला मात्र हा एक जादा गिअर पडल्यासारखाच जाणवतो. गोंधळाचे मूळ इथे आहे. चार गिअरांच्या गाडीत माणसाला तीनऐवजी चार वेळा बदल जाणवतो, आणि त्यातला कोणता बदल कशाचा हे तो सहसा विचारत नाही.

विचारले तर उत्तर काट्यावरच असते. ४७आरईमध्ये तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.०० आणि चौथ्याचे ०.६९. म्हणजे तिसऱ्यात २४०० फेरे असतील तर त्याच वेगाला चौथ्यात ते १६५० च्या आसपास यायला हवेत, फरक साडेसातशेचा. काटा जर दोनशे-तीनशेच्या पट्ट्यातच वरखाली होत असेल, तर चौथा गिअर सुटत नाही आहे. लॉकअप सुटतो आहे आणि पुन्हा लागतो आहे. खात्रीसाठी आणखी एक साधा उपाय आहे. मोकळ्या रस्त्यावर, अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून, डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, ब्रेकलाइट लागेल इतकाच. ब्रेकचा इशारा मिळताच कॉम्प्युटर लॉकअप सोडतो. त्या वेळी फेरे नेमके तेवढेच चढले, तर संशयित सापडला. यासाठी पाना लागत नाही, स्कॅनर लागत नाही. लागते ती काट्याकडे आकडा म्हणून पाहायची सवय. निदानाची सुरुवात इथून होते, आणि बहुतेक गॅरेजांत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

आता प्रश्न उरतो, कॉम्प्युटर लॉकअप का सोडतो? कारण त्याला वाटते की ड्रायव्हरचा पाय हलला. पायाची जागा त्याला एका सेन्सरकडून कळते. तो सेन्सर ५ व्होल्टच्या मर्यादेत एक बारीक दाब पाठवतो. पाय जितका खाली, तितके व्होल्ट जास्त. या इशाऱ्यात व्होल्टच्या एखाद्या दशांशाचीही लुडबूड झाली तरी कॉम्प्युटर तिला पायाची हालचाल मानतो. ड्रायव्हरने पाय दाबला, म्हणजे त्याला जोर हवा आहे, म्हणजे लॉकअप सोडायला हवा. पुढच्या क्षणी इशारा जागेवर येतो आणि लॉकअप पुन्हा लागतो. कॉम्प्युटर आपले काम चोख करतो आहे. त्याला मिळणारी खबर खोटी आहे.

ही खोटी खबर अल्टरनेटरमधून येऊ शकते. अल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी, एसी वीज तयार करतो, तीन फेजांची. आतले डायोड तिला एका दिशेची, डीसी वीज बनवतात. सहापैकी एक डायोड कमजोर झाला, तरी अल्टरनेटर चार्ज करत राहतो. बॅटरी भरते, दिवे लागतात, डॅशबोर्डवरचा व्होल्टमीटर चौदाच्या आसपास राहतो. फक्त त्या डीसीवर एसीची लहर उरते, नळाच्या सलग धारेत मधूनच हवा येऊन ती अडखळावी तशी. दिव्याला आणि स्टार्टरला त्याने काही फरक पडत नाही. ५ व्होल्टच्या इशाऱ्यावर जगणाऱ्या सेन्सरला पडतो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवायचा, इंजिन चालू करायचे, दिवे आणि पंखा लावून थोडा भार द्यायचा आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजायचे. चांगल्या अल्टरनेटरचे वाचन व्होल्टच्या काही शतांशांत असते. ते ०.१ च्या वर गेले तर शंका घ्यावी, अर्ध्या व्होल्टजवळ गेले तर शंकेला जागा उरत नाही. स्वस्तातले काही मीटर डीसीलाच एसी म्हणून मोजतात. म्हणून इंजिन बंद असताना आधी एकदा बघावे. तेव्हा आकडा शून्यावर नसेल तर मीटरच बदलायला हवा. दुसरी तपासणी आणखी बोलकी आहे. इंजिन बंद करून अल्टरनेटरच्या फील्डचा लहान प्लग काढायचा, त्याची टोके झाकायची आणि केवळ बॅटरीवर गाडी थोडा वेळ रस्त्यावर न्यायची. अल्टरनेटर वीज बनवत नसताना काटा शांत राहिला, तर गिअरबॉक्सवरचा आळ तिथेच उतरला.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. आपल्याकडे चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून ‘डायनामो’ तपासायची सवय अजून आहे. गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनामो चांगला. कॉम्प्युटर नसलेल्या गाडीत ते खपून जात होते. आताच्या गाडीत चार्ज होत असलेली बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा दाब क्षणभर कित्येक पटींनी उसळतो. त्या एका उसळीत अल्टरनेटरचे डायोड आणि कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात. म्हणजे जो दोष शोधायचा होता, तोच तपासणीने निर्माण होतो. आणि त्यानंतर गिअर वेडेवाकडे पडू लागले, तर त्याचा संबंध त्या टर्मिनलशी कुणी लावत नाही.

अल्टरनेटर हा एकटाच गुन्हेगार नसतो, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर एका आंधळ्या सवयीच्या जागी दुसरी येईल. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी, इंजिनापासून चासीला आलेली सैल अर्थिंग, जागेवरून हललेला ब्रेकलाइटचा स्विच, झिजलेला थ्रॉटल सेन्सर, यांतले काहीही असाच खेळ करू शकते. ब्रेकचा स्विच जरासा पुढे सरकला तर खड्ड्यात आदळताच कॉम्प्युटरला ब्रेक दाबल्याचा भास होतो आणि लॉकअप सुटतो. काही पिकअपमध्ये गिअरबॉक्सला वेगाची खबर मागच्या अ‍ॅक्सलवरच्या सेन्सरकडून मिळते. त्याच्या चुंबकी टोकावर लोखंडाचा कीस बसला की गिअर चुकीच्या वेळी पडतात, आणि बिचारा गिअरबॉक्स पुन्हा आरोपी. आणि कधीकधी गिअरबॉक्स खरोखरच गेलेला असतो. तेल काळे पडलेले, जळका वास, चेंबरमध्ये चकाकणारा कीस, जोर दिला की इंजिन चढते पण गाडी उचलत नाही: ही लक्षणे असतील तर अल्टरनेटर बदलून काही साधणार नाही.

तेलाची पातळी बघण्यातही फसगत आहे. या डॉजच्या गिअरबॉक्सची पातळी तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून बघायची असते. अमेरिकेतल्या इतर अनेक गाड्यांत ती पार्कमध्ये बघतात. डॉजमध्ये पार्कला कन्व्हर्टरकडे तेल जात नाही, त्यामुळे तिथे दिसणारी पातळी खोटी असते. वर्षानुवर्षे दुसऱ्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री इथे प्रामाणिकपणे चुकतो आणि कमी तेलावर गाडी रस्त्यावर पाठवतो. हाताचा अनुभव मोलाचा असतो, पण एका यंत्राचा अनुभव दुसऱ्या यंत्राला तसाच लावता येत नाही. त्यासाठी त्या यंत्राचे पुस्तक हाताशी असावे लागते. पुस्तकाचा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

स्कॅनर आला की हे सगळे सुटेल, असा एक समज आहे. अमेरिकेत १९९६ पासून मोटारी आणि हलक्या ट्रकांना निदानाची एकसारखी जोडणी सक्तीची झाली आणि कोड वाचणारी यंत्रे गल्लोगल्ली पोचली. आपल्याकडेही ती आता छोट्या गॅरेजांत दिसतात. पण कोड काय सांगतो, हे वाचायला शिकलेच पाहिजे. ‘पी०७००’ हा कोड घ्या. स्वस्त स्कॅनरवर त्याचा अर्थ दिसतो, गिअरबॉक्सच्या नियंत्रणात बिघाड. ग्राहकाला तो पडदा दाखवला की त्याच्या पोटात गोळा येतो आणि तो खर्चाला तयार होतो. वास्तविक हा कोड एवढेच म्हणतो की गिअरबॉक्सच्या नियंत्रकाकडे काहीतरी नोंदले गेले आहे, तिकडे जाऊन बघा. तिकडे काय नोंदले आहे हे त्या स्वस्त यंत्राला दिसतच नाही. ‘पी०७४०’ लॉकअपच्या जोडणीकडे बोट दाखवतो; पण दोष सोलेनॉइडचा, वायरचा, प्लगचा की कन्व्हर्टरचा, हे तो ठरवून देत नाही. कोड हा तपासाचा आरंभ आहे आणि त्याला निकाल समजून सुटे भाग बदलत जाणे, हाच आजच्या दुरुस्तीतला सर्वांत महागडा दोष आहे. आधी सोलेनॉइड, मग सेन्सर, मग वायरिंग, शेवटी अख्खा गिअरबॉक्स. प्रत्येक वेळी गाडी दोन दिवस बरी चालल्यासारखी वाटते, कारण मधूनमधून येणारा दोष मधूनमधून जातोही.

रॅमच्या मालकांमध्ये एक तोडगा फार पसरला. सेन्सरच्या वायरींभोवती अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची आणि ती चासीला अर्थ करायची. तो अनेकांना लागू पडतो, आणि का पडतो याला शास्त्र आहे. फॉइल बाहेरून येणारी विजेची लुडबूड अडवते, इशारा स्वच्छ होतो, काटा शांत होतो. माझा आक्षेप तो शांत होण्यावरच आहे. डायोड तसाच कमजोर राहिला आहे, त्याची लहर अजूनही गाडीभर फिरते आहे, बॅटऱ्या त्या लहरीवरच भरल्या जात आहेत, आणि आता तो दोष कळवणारी एकमेव खूण आपण पुसून टाकली आहे. पुढे अल्टरनेटर पूर्ण बसेल तो रात्रीच्या प्रवासात, मागे ट्रेलर असताना. वायर वळवणे, फॉइल लावणे, कोड पुसून गाडी ग्राहकाच्या ताब्यात देणे, दिव्याचा बल्बच काढून टाकणे, या सगळ्या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. आवाज करणारा भाग गप्प केला जातो आणि त्याला दुरुस्ती म्हटले जाते. ज्याने अल्टरनेटर आधी तपासून बदलला आणि नंतर वायरींना जादा आवरण दिले, त्याच्याशी माझा वाद नाही. क्रम उलटला की धोका सुरू होतो.

धोका म्हणजे नेमके काय? पहिला उष्णतेचा. लॉकअप सारखा सुटत-लागत राहिला की कन्व्हर्टरमधली घसर वाढते, तेल तापते, आणि लॉकअपचा क्लच स्वतःच झिजू लागतो. दहा-अकरा अंश सेल्सिअसने तेल सतत जास्त तापले तर त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. म्हणजे डायोडचा दोष काही महिन्यांत गिअरबॉक्सचा खरा दोष होऊन बसतो. मग तो उघडला जातो, आत जळलेल्या प्लेटा सापडतात आणि पहिला निकाल बरोबरच होता असे सगळ्यांना वाटते. नवा गिअरबॉक्स बसतो, जुना अल्टरनेटर तसाच राहतो, आणि नव्याची झीज पहिल्या दिवसापासून सुरू होते. चुकीचे निदान स्वतःला खरे ठरवून घेते, म्हणून ते इतके टिकाऊ असते.

दुसरा धोका उताराचा, आणि तो माणसांच्या जिवाशी आहे. उतारावर जड गाडी ब्रेकवर थांबत-थांबत उतरवायची नसते. इंजिनाच्या रोधावर उतरवायची असते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत हा रोध चाकांपर्यंत नीट पोचतो तो लॉकअप लागलेला असतानाच. लॉकअप सुटला की मध्ये पुन्हा तेल आले, घसर आली आणि एक्झॉस्ट ब्रेकचा जोरही ओसरला. सपाट रस्त्यावर ज्याला ‘थोडा हिसका बसतो, चालतंय’ म्हणून सोडून दिले, तोच बिघाड कोलोरॅडोच्या डोंगरात ट्रेलर ओढणाऱ्या माणसाला ऐन उतारावर गाठतो. तो ब्रेक दाबतो. ब्रेक दाबताच कॉम्प्युटर बरोबर चाललेला लॉकअपही सोडू शकतो. आता सारा भार ब्रेकच्या लाइनरवर.

उतारावर इंजिनाची साथ सुटली की काय होते, हे पुणेकरांना समजावून सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार वर्षानुवर्षे माणसे घेतो आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका जड वाहनाने कित्येक गाड्यांना धडका दिल्या, आणि उतारावर चालकाने इंजिन बंद ठेवल्याचे पोलिसांनी नंतर सांगितले. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडणे हा आपल्या घाटरस्त्यांवरचा जुना घातक रिवाज आहे. इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद, टाकीतली हवा प्रत्येक दाबाबरोबर कमी होणार, आणि लाइनर तापले की उरलेल्या हवेचाही उपयोग नाही. तिथे न्यूट्रल माणसाने निवडलेला असतो. मला काळजी वाटते ती यंत्राने स्वतःहून दिलेल्या न्यूट्रलची.

आपल्याकडे जड वाहनांत येत असलेला स्वयंचलितपणा बहुतांशी वेगळ्या जातीचा आहे. त्याला एएमटी म्हणतात. आतला गिअरबॉक्स नेहमीचाच, कोरडा क्लचही नेहमीचाच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि लिव्हर हलवणारा हात यांची जागा हवेच्या किंवा तेलाच्या दाबाने चालणाऱ्या अ‍ॅक्चुएटरने घेतली आहे. व्होल्वोचा आय-शिफ्ट २००१ मध्ये आला. तेव्हापासून हे तंत्र जगभर पसरले आणि आता आपल्या खाणींतल्या टिपरांपासून लांब पल्ल्याच्या ट्रेलरपर्यंत पोचले आहे. ते वाईट नाही. घाटातल्या रांगेत दिवसभर क्लच दाबून गुडघे गमावलेल्या ड्रायव्हरांना विचारा. पण या गिअरबॉक्सचा निर्णयही कॉम्प्युटरचाच आहे, आणि तो सेन्सरांच्या खबरीवर, बॅटरीच्या दाबावर आणि हवेच्या दाबावर अवलंबून आहे. यांत कॉम्प्युटरच्या दृष्टीने गोंधळ झाला, तर तो कधी गाडी एकाच गिअरमध्ये धरून ठेवतो, तर कधी गिअर काढल्यावर पुढचा टाकता येत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहते. सपाटीवर ही फक्त खोळंबा करणारी गोष्ट आहे. बोरघाटात चाळीस टन घेऊन उतरताना ती तशी राहत नाही.

म्हणून ‘गिअर मधूनच चुकीचा पडतो’ अशी ड्रायव्हरची तक्रार आली, तर ती ब्रेकच्या तक्रारीइतकीच गंभीर मानली पाहिजे. तिचे कारण सापडेपर्यंत ती गाडी घाटात भरून पाठवू नये. मालकाला हे महाग वाटेल. एक फेरी बुडते, हप्ता तर थांबत नाही. पण आज होते ते असे: ड्रायव्हर सांगतो, मालक ‘कंपनीत दाखवू’ म्हणतो, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी उभी असताना दोष दिसत नाही, कोड पुसला जातो आणि गाडी परत लाइनवर जाते. मधूनमधून येणारा दोष उभ्या गाडीत सापडत नसतो. तो ज्या परिस्थितीत येतो त्या परिस्थितीत, भरलेल्या गाडीत, मीटर आणि स्कॅनर लावून, ड्रायव्हरला शेजारी बसवूनच शोधावा लागतो. किती वर्कशॉप यासाठी दोन तास आणि एक जाणता माणूस देतात? मजुरीचे दर भाग बदलण्यावर ठरलेले असतात. शोधण्याच्या वेळेचे बिल कुणी लावत नाही आणि लावले तर ग्राहक देत नाही. हा दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. ग्राहकालाही हातात नवा भाग दिसला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते; ‘अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट केला’ या कामाचे पैसे द्यायला त्याला जड जाते, जरी तेच खरे काम असले तरी.

आणि जिथे शोधायची इच्छा आहे, तिथे साधने नाहीत. वायरिंगचा नकाशा, कोणत्या पिनवर किती व्होल्ट हवेत याचा तक्ता, लॉकअप किंवा क्लच कोणत्या अटींवर लागतो-सुटतो याचे वर्णन, हे सारे वाहन कंपन्यांकडे असते आणि बाहेरच्या गॅरेजला सहसा मिळत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये कायदा करून स्वतंत्र गॅरेजांना निदानाची माहिती मिळवून दिली. भारतात स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, निदानाची साधने आणि माहिती त्यांनी स्वतंत्र दुरुस्तीदारांपासून रोखून धरली, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि ज्या क्षेत्रांवर भर द्यायचा त्यांत मोटारवाहनांचाही समावेश केला. त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. पण स्पर्धा आयोगाचा तो आदेश मोटारींबद्दलचा होता. चाळीस टनी ट्रेलरच्या एएमटीचा वायरिंग नकाशा आजही महामार्गावरच्या वायरमनच्या हाती सहज येत नाही. ज्याच्या हाती तो नाही, तो अंदाजाने वायर कापणार किंवा भाग बदलणार. त्याच्यापुढे तिसरा मार्ग आपण ठेवलेला नाही.

एक साधन मात्र कुणाच्या परवानगीवाचून उपलब्ध आहे, ते म्हणजे ड्रायव्हरची साक्ष. ती नोंदवायची रीत हवी. ‘गिअर झटका मारतो’ एवढ्या वाक्यावर कुणी काही शोधू शकत नाही. त्या वेळी वेग किती होता, काट्यावर फेरे कितीने चढले, गाडी भरलेली होती की रिकामी, इंजिन गरम झाले होते का, हेडलाइट आणि एसी चालू होते का, ब्रेकला पाय होता का, हवेचा दाब किती दाखवत होता, आणि त्याआधीच्या आठवड्यात बॅटरी, अल्टरनेटर किंवा वायरिंगला कुणी हात लावला होता का. दिवे लावले की दोष वाढतो, ही एवढी नोंदसुद्धा तपास गिअरबॉक्सकडून विजेकडे वळवायला पुरते. आजच्या घडीला ही नोंद ड्रायव्हरच्या डोक्यात असते आणि वर्कशॉपच्या जॉबकार्डावर ती लिहायला जागाच ठेवलेली नसते. शिवाय गाडी वर्कशॉपमध्ये पोचते तेव्हा ड्रायव्हर बऱ्याचदा दुसऱ्या गाडीवर पाठवलेला असतो. दोष ज्याने भोगला आणि दोष ज्याला शोधायचा आहे, त्या दोघांची गाठच पडत नाही.